सासऱ्यांचा आवाज

आमच्या गावात कुणाचं लग्न असो, बारसं असो की अग्निशमन दलाची जत्रा, माइक कुणाच्या हाती द्यायचा यावर कधी चर्चा झाली नाही. माझे सासरे आल्विन ब्रेंडल आधीच माइकजवळ उभे असायचे. नुसते उभे नव्हे, त्यावर टिचकी मारून ‘मागे ऐकू येतंय ना?’ असं विचारूनही झालेलं असायचं.

हा माणूस ऱ्हाइनवरच्या पांढऱ्या बोटीवर लागला तो दोर फेकायला. बोट धक्क्याला लागली की उडी मारायची, दोर खुंट्याला गुंडाळायचा, पर्यटक आज्यांना हात देऊन उतरवायचं. एके दिवशी कप्तानाचा घसा बसला आणि किल्ल्यांची माहिती सांगायला कुणी नव्हतं. आल्विननी माइक घेतला तो निवृत्तीच्या दिवशीच खाली ठेवला. मधली तीस-एक वर्षं, ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत, जाताना आणि येताना, आमच्या खोऱ्यातल्या एकेका किल्ल्याची ओळख ते घरच्या माणसासारखी करून देत राहिले. ‘डावीकडे बघा, ही म्हातारी. दात पडलेत, पण नजर शाबूत आहे. उजवीकडे तिचा नवरा. कित्येक शतकं झाली, एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्या घरीही असेलच की असं एखादं जोडपं.’ लोक खो-खो हसायचे. घरीसुद्धा सवय सुटेना. जेवायला बसलं की, ‘डावीकडे बटाटे, उजवीकडे कोबी आणि समोर, मंडळी, आमचे जावईबापू. यांची पडझड नुकतीच सुरू झाली आहे.’

माझे केस तेव्हा विरळ व्हायला लागले होते.

निवृत्त होताना कंपनीने त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला. सगळे किल्ले, सगळे विनोद, जसेच्या तसे. बोट ठरलेल्या जागी आली की आवाज आपोआप सुरू होतो, कुणाला बटणसुद्धा दाबावं लागत नाही. सासऱ्यांना काय आनंद! ‘मी मेल्यावरसुद्धा बोलत राहणार,’ असं ते ज्याला-त्याला सांगायचे. त्यावर सासूबाई म्हणायच्या, ‘ती भीती मला लग्न झाल्यापासून आहे.’

आता त्या ध्वनिमुद्रणात एक विनोद होता. सासूबाई रोझविता मूळच्या पलीकडच्या काठावरच्या, हेल्मस्टाइनच्या. आमच्या भागात नदीवर पूल नाही. काठाकाठाला ये-जा करणाऱ्या फेरीबोटीने जायचं, त्याच फेरीने यायचं, आणि पलीकडच्या काठाला आम्ही ‘उलटा काठ’ म्हणतो. लेकरू फार रडलं तर ‘पलीकडे देऊन टाकीन हं’ म्हणतात. पलीकडचे लोक आमच्या काठाबद्दल काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तर बोट हेल्मस्टाइनच्या किल्ल्याखाली आली की सासरे खास आवाज लावत. ‘मंडळी, उजवीकडे हेल्मस्टाइन. बायको केली ती इथलीच. मागणी घालायला गेलो तर सासरा म्हणाला, पोरगी घेशील तर वर एक गाय देतो. मी म्हटलं, मामा, नुसती गाय मिळेल का?’

सगळी बोट हसायची. कुणीतरी उत्साही माणूस हंबरायचाच.

हा विनोद आमच्या गावात सगळ्यांना पाठ. माझी बायको स्वेन्या हिने त्याच्यापायी शाळेत एका पोराचं नाक फोडलं होतं. माहीत नव्हता तो फक्त सासूबाईंना. ज्याच्यावर विनोद असतो त्याच्यापर्यंत तो पोचू द्यायचा नाही, ही गावाची सभ्यता. आणि सासूबाई नवऱ्याच्या बोटीत कधी बसल्याच नव्हत्या. बेकरीवाल्याची बायको पाव विकत घेते का? शिवाय बोटींचा हंगाम तोच घरच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचा हंगाम. उन्हाळाभर त्या गावाच्या वरच्या अंगाला, नदीपासून दूर, चादरी धूत असायच्या. माहेरी जायच्या त्या नोव्हेंबरात, कबरींवर दिवे लावायला, आणि नाताळात. तेव्हा बोटी बंद.

त्यांचे थोरले भाऊ वेंडेलिन मात्र आमच्याकडे येत नसत. पूर्वी यायचे म्हणे, हळूहळू थांबले. बहिणीशी बोलायचे, भाचीच्या लग्नाला भेट पाठवली, पण नदी ओलांडली नाही. द्राक्षमळ्याच्या एखाद्या पट्ट्यावरून काही झालं असेल, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे भाऊ-बहिणीत दुसऱ्या कशावरून होतच नाही.

यंदा जूनमध्ये सासूबाईंना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. स्वेन्याने विचारलं, ‘आई, काय हवं?’

‘बोटीत बसायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्यांनी मिळून. दोन-तीन किल्ले बघू, माझ्या गावाखालून जाऊ, तिथल्या धक्क्यावर दादाला बोटीत घेऊ. माझ्या सत्तरीला दादा माझ्या शेजारी बसलेला हवा. बाकी फुलदाण्या वगैरे आणू नका, घरात पुष्कळ आहेत.’

झालं. सासऱ्यांनी आखणी हातात घेतली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळ्या कापडाची पट्टी अंथरली, ती नदी. साखरेचे चौकोनी खडे मांडले, ते किल्ले. मोहरीच्या चटणीची बरणी ही बोट. आम्ही सगळे भोवती.

‘इथून निघायचं,’ बरणी सरकवत सासरे म्हणाले. ‘हा पहिला किल्ला. इथे उतरायचं, थेआला तोफ दाखवायची. पुन्हा बोट. हा दुसरा. इथे जेवण. मग उलट फिरून घरी.’

‘आणि हेल्मस्टाइन?’ सासूबाईंनी एक खडा उचलून पलीकडच्या काठावर ठेवला.

‘तिथे परांची बांधलीय गं. डागडुजी चाललीय.’

‘काल फेरीवाल्याने सांगितलं, गेल्या वर्षीच उतरवली.’

‘मग धक्का खराब आहे.’

‘बाबा, धक्का नवा केलाय,’ स्वेन्या म्हणाली. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिनेही माझ्या पायावर दिला, आणि जास्त जोरात.

‘आणि तिथे वारा फार असतो,’ सासरे म्हणाले. बोलता बोलता त्यांनी तो हेल्मस्टाइनचा खडा उचलला आणि आपल्या कॉफीत टाकला. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती.

सासूबाई कपाकडे बघत राहिल्या. ‘आल्विन, तू माझं माहेर प्यायलास,’ त्या म्हणाल्या. थेआला, म्हणजे आमच्या लेकीला, हे इतकं आवडलं की तिने उरलेले किल्ले लगेच तोंडात टाकले. त्या दिवसाची आखणी तिथेच संपली.

पुढचे दोन-तीन आठवडे असंच. रोज नवी आखणी, रोज हेल्मस्टाइनला नवं विघ्न. मला कारण ठाऊक होतं आणि सासऱ्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. एकदा गॅरेजमध्ये मला एकट्याला गाठून म्हणाले, ‘जावईबापू, जरा माझी बाजू घ्या. तिने ऐकलं तर उगाच मनाला लावून घेईल. बायकांना विनोद कळत नाही.’

‘विनोद कळेल त्यांना,’ मी म्हटलं. ‘तीच तर पंचाईत आहे.’

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘आधी दादाला विचारून तरी येते. तो हो म्हणाला तर आल्विन धक्कासुद्धा दुरुस्त करील.’ आणि एका रविवारी दुपारी, सासरे फुटबॉलच्या मैदानावर माइक सांभाळत असताना, त्या मला घेऊन फेरीत बसल्या. यात काही धोका आहे असं तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. आपण तर फेरीने जातोय, बोटीने नव्हे, एवढाच माझा विचार.

वेंडेलिनमामांचं घर अगदी काठाला. अंगणात अक्रोडाचं झाड, त्याखाली टेबल, आणि त्यापुढे पाण्याकडे तोंड करून एक जुना बाक. मामा दांडगे, कमी बोलणारे. मार्लीसमामी त्यांच्याही वाट्याचं बोलून घेणाऱ्या. सफरचंदाचा केक, कॉफी, मेलेल्या नातेवाइकांची चौकशी, असं सगळं रीतीने पार पडल्यावर सासूबाईंनी विषय काढला.

‘दादा, माझ्या सत्तरीला बोटीत येशील?’

मामांनी मान हलवली. ‘नको.’

‘का रे? जुनं काय असेल ते असेल. मळ्याचं म्हणशील तर तो पट्टा घे तू, मला काय करायचाय.’

‘कुठला पट्टा?’ मामा खरंच गोंधळले.

‘मग काय झालंय तुझं? इतकी वर्षं माझ्या दारात आला नाहीस. काय केलंय आम्ही?’

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी केकच्या तुकड्याकडे. मग नदीच्या वळणाकडून भोंगा वाजला.

‘थांब जरा,’ मामा म्हणाले. ‘येतोच आहे तो.’

‘कोण?’

‘तुझा नवरा.’

पांढरी बोट वळणावरून आली. आणि पाण्यावरून सासऱ्यांचा आवाज आला, असा स्वच्छ, जणू ते अक्रोडामागे उभे आहेत. ‘मंडळी, उजवीकडे हेल्मस्टाइन. बायको केली ती इथलीच...’

मला टेबलाखाली जावंसं वाटलं. नाव, गाव, सासरा, पोरगी, गाय. शब्द न् शब्द. विनोदानंतर सासरे थोडं थांबतात, लोकांना हसायला जागा देतात. ती जागासुद्धा ध्वनिमुद्रित झाली होती. त्या जागेत बोटीवरचे लोक हसले. वरच्या डेकवरची माणसं कठड्याशी येऊन आमच्याकडे बघायला लागली, हात करायला लागली. एकजण हंबरला. मग चार-पाच जण हंबरले.

‘क्रीम घेणार का?’ मार्लीसमामींनी मला विचारलं. त्यांना सवय होती.

बोट गेली. तिच्या लाटा काठाला येऊन चपचप वाजल्या. सासूबाई कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

‘आमची मोनिका शाळेत होती तेव्हा पोरं तिला हंबरून दाखवायची,’ मामी म्हणाल्या. ‘ती शहरात गेली ती त्यालाच कंटाळून. तसं ती म्हणत नाही, पण मला कळतं.’

‘मला कुणी सांगितलं कसं नाही?’

‘आम्हाला वाटलं तुला माहीत आहे,’ मामा म्हणाले. ‘आम्हाला वाटलं, रोझीही तिकडे हसत असेल.’

सासूबाईंनी कप खाली ठेवला. मग बाकाकडे बघत त्यांनी विचारलं, ‘बाबांना ऐकू यायचं?’

‘ते त्याच बाकावर बसायचे ना रोज.’

‘काही म्हणायचे?’

‘काही नाही. टोपी काढून मांडीवर ठेवायचे, बोट गेली की पुन्हा घालायचे.’ मामांनी केकची बशी बाजूला सारली. ‘शेवटी शेवटी बहिरे झाले. तेव्हा मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आलो, रोझी. लोक बरं होण्यासाठी लावतात. मी बापाला ऐकू येत नाही म्हणून लावली.’

फेरीवर परत येताना सासूबाई कठड्याशी उभ्या होत्या. मी काहीतरी सांत्वनाचं जुळवत होतो, तेवढ्यात त्याच बोलल्या. ‘तिचं नाव लीझल होतं. माझ्याकडे द्यायला चादरी नव्हत्या, कपाट नव्हतं. बाबांकडे ती एकच गाय होती. स्वतः धुऊन-पुसून याच फेरीवरून घेऊन आले. गाय नाही म्हणून पुढे दोन हंगाम खताच्या टोपल्या चढावर पाठीने वाहिल्या त्यांनी.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘तुला माहीत होता ना तो विनोद?’

मी हो म्हटलं.

‘हं,’ त्या म्हणाल्या आणि काठ येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिल्या.

घरी सासरे टेबलावर निळी पट्टी अंथरून बसले होते. ‘मग? येतायत का महाराज?’

‘बोट नको,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हेल्मस्टाइनच्या किल्ल्यावर जायचं, फेरीने. मग दादाच्या अंगणात केक. मी दादाला विचारून आलेय.’

‘अंगणात? पण तिथे...’

‘आल्विन, तिथे ऐकू येतं.’

‘काय ऐकू येतं?’

‘सगळं.’

सासऱ्यांचा हात मोहरीच्या बरणीवर होता तो तसाच राहिला. मी तिथून उठायला हवं होतं, पण खुर्ची सरकली तर आवाज होईल या भीतीने बसून राहिलो.

‘मला वाटायचं, बोटीवरचं बोटीवर राहतं,’ ते म्हणाले.

‘जन्म नदीवर गेला तुझा. फेरीवाला इकडून शिंकला तर पलीकडे “शतायुषी हो” म्हणतात.’

‘तुझे बाबा...’

‘बाबांनाही.’

सासऱ्यांनी पट्टीची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडून घातली. त्या रात्री जेवताना बटाटे कुठे आहेत ते आमचे आम्हालाच शोधावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीने कंपनीच्या कचेरीत नेलं. तिथली मुलगी गोड होती. म्हणाली, ‘ब्रेंडलकाका, तोच तर विनोद लोकांना सगळ्यात आवडतो!’

‘तेवढा काढून टाका.’

‘हंगाम संपल्यावर बघू ना. आता सगळं बसवलेलं आहे.’

‘आवाज माझा आहे, पोरी.’

‘हो, पण तुम्ही तो आम्हाला दिलाय ना,’ ती हसून म्हणाली. आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगितलं, ‘अरे, हेच ते, नुसत्या गायवाले!’ तो माणूस उठून हात मिळवायला आला. सासऱ्यांनी हात दिला. दुसरं करणार काय? येताना गाडीत ते खिडकीतून बघत होते, आणि वाटेतल्या एकाही किल्ल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मामांची अट मला नंतर कळली. त्या रविवारी मी फेरीकडे पुढे गेल्यावर सासूबाईंनी अंगणाचं विचारलं, तेव्हा मामा म्हणाले होते, ‘तो बोट जाईपर्यंत तिथे बसणार असेल तर मी टेबलाला बसेन. आत पळाला तर मी आपल्या मळ्यात जाईन.’

वाढदिवसाला ऊन होतं. आम्ही हेल्मस्टाइनचा किल्ला चढलो. जन्मभर ज्याची माहिती सांगितली त्यात सासरे पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. आत गेल्यावर त्यांना रस्ता कळेना. एकदा तर तटाकडे म्हणून निघाले आणि संडासाच्या दारात पोचले. एरवी यावर त्यांनी अर्धा तास काढला असता.

‘आजोबा, हा किल्ला कुणी बांधला?’ थेआने विचारलं.

‘तिथे पाटी आहे, बाळा. आईकडून वाचून घे.’

तटावरून खाली अंगण दिसत होतं, अक्रोड, पांढरा टेबलक्लॉथ, आणि बाक. सासरे तिथे बराच वेळ उभे होते. मग आम्ही उतरलो.

मामा टेबलाला बसले नव्हते. अक्रोडाला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. सासऱ्यांनी ‘वेंडेलिन’ म्हटलं, मामांनी ‘आल्विन’ म्हटलं. एवढंच. सासूबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मामी केकवर मेणबत्त्या लावत होत्या, वाऱ्याने त्या विझत होत्या आणि सगळे उगाच त्या मेणबत्त्यांत लक्ष घालत होते.

भोंगा वाजला.

सासरे उठले. मला वाटलं, आता आत जाणार. मामांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी हाताची घडी सोडली. पण सासरे टेबलाला वळसा घालून खाली गेले आणि बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ते टोपीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही.

‘मंडळी, उजवीकडे हेल्मस्टाइन...’

स्वतःचा आवाज ऐकताना त्यांची पाठ मला दिसत होती. विनोद झाला, हसायची जागा आली, लोक हसले. कठड्याशी गर्दी झाली. काठावर बाकावर बसलेला एक म्हातारा, मागे अंगण, केक, गावची माणसं, म्हणजे त्यांना हवं तस्संच चित्र. लोक हात करू लागले, फोटो काढू लागले. आयुष्यात एकाही बोटीला हात करायला न चुकलेल्या माणसाने हात वर केला नाही. मग एक जाडा आवाज हंबरला, आणि शाळेची सहल असावी, वरचा सगळा डेक हंबरायला लागला. थेआला वाटलं खेळ आहे. ती खुर्चीवर उभी राहून तोंडाशी हात धरून सगळ्यांत मोठ्याने हंबरली. स्वेन्याने तिला खाली ओढलं तेव्हा तिचं स्वतःचं तोंड लालबुंद झालं होतं.

बोट गेली. लाटा आल्या, काठाला चपचपल्या, थांबल्या.

मामा बाकापर्यंत गेले. ‘संध्याकाळी परतीची आहे अजून,’ ते म्हणाले.

‘माहीत आहे,’ सासरे म्हणाले. ‘थांबतो.’

मामा परत आले, बहिणीच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. ‘काप गं केक, रोझी,’ ते म्हणाले. ‘किती वाट बघायची?’ सासूबाईंनी सुरी हातात घेतली. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

थोड्या वेळाने त्यांनी एका बशीत तुकडा घालून थेआच्या हाती दिला. ‘आजोबांना दे.’ मी कॉफी घेऊन तिच्या मागे गेलो.

‘आजोबा, ते तुम्हीच बोलत होता ना?’ थेआने विचारलं.

‘हो.’

‘मग सगळ्यांनी आपल्याकडे बघून हम्मा का केलं?’

‘माझ्यामुळे.’

‘गाय खरी होती?’

‘खरी होती. तुझ्या पणजोबांची. लीझल नाव होतं तिचं.’

‘मग त्यांनी तुम्हाला का दिली?’

सासऱ्यांनी बशी टोपीच्या बाजूला ठेवली. ‘त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं,’ ते म्हणाले, इतक्या हळू की मी हातभर अंतरावर होतो म्हणून मला ऐकू आलं. टेबलापर्यंत ते पोचलं नाही.

परतीची बोट येईपर्यंत ते तिथेच बसून होते. सासूबाईंनी त्यांना बोलवायला कुणालाही पाठवलं नाही.